बे उंट सात

१

वल्लरीचा स्वेटर धुवायला टाकण्याआधी मी खिसा उलटा केला, आणि ज्वारीचे दाणे बाथरूमच्या फरशीवर टपटप सांडले.

आमच्या घरात ज्वारी नाही. इथे जयपुरात, आमच्या मुरलीपुऱ्यातल्या वाण्याकडे मागितली की तो "कबूतरों के लिए?" असं विचारतो, म्हणून मी आणणंच सोडलं होतं.

"वल्लू, हे कुठून आलं?"

वल्लरी बादलीतल्या पाण्यात हात आपटत होती. नुसती आपटत नव्हती, ताल धरून. "बे उंट सात. तीन उंट साडेदहा. चार उंट चौदा!"

मी साबण हातात धरून तशीच उभी राहिले. माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिला आकडे येतात ते शाळेतले, वन टू थ्री, तेही फिफ्टीन गाळून. 'दहा रुपये' म्हटलं तर ती 'म्हणजे टेन?' असं विचारते. 'बे' आणि 'साडे' हे शब्द मी तिच्यासमोर कधी उच्चारल्याचं मला आठवत नव्हतं. आणि दोन उंट मिळून सात कसे होतील?

"कोणी शिकवलं हे?"

तिने ओठांवर बोट ठेवलं. "सांगायचं नाही. सांगितलं तर पतंग कटेल."

संक्रांत जवळ आली होती, जयपुरात पोरांच्या तोंडी पतंगांशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यामुळे पतंगाकडे माझं लक्षच गेलं नाही. मला ऐकू आलं ते एवढंच, की कोणीतरी माझ्या मुलीला माझ्या नकळत उंटांपाशी नेतं, आणि वर गप्प बसायलाही शिकवतं.

२

"तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं," निनाद म्हणाला. "मागे गॅसचा वास येत होता. तो शेजाऱ्यांच्या तडक्याचा निघाला."

"मग तूच विचार तिला."

त्याने विचारलं. वल्लरीने त्यालाही तेच ऐकवलं आणि जेवता जेवता ताटावरच पेंगली. हे हल्ली रोजचं होतं. निनादने तिला उचलून आत नेलं, परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"उंट कुठे असतात?"

"जलमहालापाशी. आमेरच्या रस्त्याला."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. वल्लरीला दुपारी शाळेतून डे-केअरला सोडणारे व्हॅनवाले कजोडजी आमेरला राहतात. गेल्या आठवड्यात एकदा व्हॅन उशिरा पोचली होती. पंक्चर, असं ते म्हणाले होते. डे-केअरमध्ये कॅमेरा आहे. मी ऑफिसात दुपारभर फोनवर त्यातच डोकं घालून बसलेली असते. व्हॅनमध्ये कॅमेरा नाही.

"उद्या त्यांना बंद करून टाकू," निनाद म्हणाला.

"आणि ते नसले तर? जो आहे तो तिथेच राहील ना."

त्याने वल्लूचं ताट उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "माझी आई शनिवारी येतेय. तोवर कळलं तर ठीक. नाहीतर ती वल्लूला नाशिकला घेऊन जाईल. पहिलीत जाईपर्यंत राहू दे तिकडे."

"दोन वर्षं?"

"इथे ती कोणाबरोबर असते हे आपल्याला ठाऊक नाही, स्वप्नाली. तूच सांग, मी काय करू?"

तो वाईट बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

३

समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेत्राताई मूळच्या नागपूरच्या. इथल्या एका कॉलेजात शिक्षणाचा इतिहास शिकवतात. एकट्या राहतात, मोठ्याने बोलतात, आणि दुसऱ्याच्या घरात शिरल्या की आधी फ्रीज उघडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि वल्लरीला मांडीवर घेऊन मोबाईलवर एक फोटो दाखवला.

"हे काय आहे गं?"

वल्लरीने फोटो उलटसुलट केला. "घोडा. याच्या पाठीवर काय झालंय? लागलंय?"

सुनेत्राताईंनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं उंट पाहिलेला नाही. तू जलमहाल, आमेर, काय काय विचार करून राहिलीस!"

"मग तिचा उंट म्हणजे कोण?"

"कोण नाही, काय." त्यांनी वल्लरीला खाली उतरवलं. "साडेतीन दुणे किती?"

"सात."

"साडेतीन त्रिक?"

"साडेदहा." मी थांबले. "चार वेळा साडेतीन... चौदा."

"साडेतीनचा पाढा आहे हा. एके काळी पोरं घोकायची. आता कोणाला येतो? म्हणजे पोरीला म्हातारं माणूस भेटून राहिलंय. सत्तरीच्या पुढचं."

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. माझ्या मुलीला रोज भेटणारं एक म्हातारं माणूस, आणि मला त्याचा पत्ता नाही!

"ताई, पण कोण ते कसं शोधायचं?"

"माझा धंदाच तो आहे. शाळा कोणत्या साली निघाली, हे शोधत बसणारे दुसरे. मी वर्गातली एखादी सवय घेते आणि तिची वंशावळ काढते. तिचे आई-बाप कोण, ती कोणत्या घरात वाढली, कोणाच्या घरी नांदायला गेली. पाढ्यालाही कुळ असतं. एक कर. ज्याच्या ज्याच्यावर संशय आहे, त्याच्यासमोर हे वाक्य म्हण. पोरगी म्हणते तस्संच, चुकीचं. शिकवलं कोणी, ते विचारूच नको."

"मग?"

"चुकीचा पाढा ऐकला की माणसाला राहवत नाही. तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्त करताना त्याच्या तोंडून त्याचा मास्तर बोलतो."

४

प्रभाकरकाका बँकेतून निवृत्त झाले आणि मुलीसाठी जयपुरातच राहिले. आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि सुमनकाकू. रविवारी बागेत ते वल्लरीला चॉकलेट देतात. मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले, "काका, बे उंट सात."

"काय?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "उंट? औट म्हण, औट! म्हणजे साडेतीन! बे औटं सात, तीन औटं साडेदहा. औटकी आहे ती! आमच्या वाईच्या शाळेत असं म्हटलं असतंस तर बाकावर उभं केलं असतं."

"सकाळची गोळी घेतली का, ते आठवत नाही," आतून काकू म्हणाल्या. "औटकी बरी आठवते!"

"तुम्ही वल्लूला शिकवली का हो?" मला राहवलंच नाही.

"मी? अगं, ती माझ्यापाशी चॉकलेट संपेपर्यंतसुद्धा थांबत नाही."

कजोडजी शाळेच्या फाटकाबाहेर व्हॅनची काच पुसत होते. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, त्यांच्या हातांकडे पाहत होते. "कजोडजी, बे ऊँट सात."

ते हसले. "ये बे क्या होवै, मैडमजी? दो ऊंठा सात. ऊंठा. म्हारा दादाजी बोलता था, अनाज तोलते टेम." मग त्यांचं हसू मावळलं. "बच्ची को कुछ हुआ क्या? आप कब से म्हारा हाथ देखो हो। म्हारै भी पोती छै।"

मी काहीतरी पुटपुटले. शब्द तोच होता, त्याची जीभ इथली होती. मग हेच का ते?

डे-केअर तिथून जवळच. दुमजली घर, खाली मुलं, वर मालकीण कीर्ती मॅडमचं बिऱ्हाड. "हम तो मराठी समझते हैं जी, हमारी जालना में रिश्तेदारी है," असं पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या आणि मी तिथेच विरघळले होते. आत्ता त्या बाहेर गेल्या होत्या. दारात आया होती, संतोष. जवळच्या चौमूं गावची, माझ्याच वयाची, चटपटीत.

"संतोष, बे ऊँट सात."

"हाँ जी," ती म्हणाली. आणि लगेच, "मैडम, बच्चों को खाना देना है। बाद में आना।"

दार बंद झालं.

५

कॉलेज सुटल्यावर सुनेत्राताई मला ऑफिसच्या खाली भेटल्या. माझ्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही चहाच्या टपरीपाशी उभ्या राहिलो. मी सगळं सांगितलं.

"कजोडजीच असतील," मी म्हणाले. "ऊंठा. अगदी तोच शब्द."

"पण तो 'दो' म्हणाला."

"वल्लरीने 'बे' केलं असेल."

"तुझ्या पोरीला बे ठाऊक नाही, तूच सांगितलंस. 'साडेदहा'सुद्धा तिनं कुठून आणलं? इथला माणूस 'साढ़े दस' म्हणेल. गुजराती माणूस 'बे' म्हणेल, पण दहाला 'दस'च म्हणेल. आकडे मराठी आहेत. फक्त पाढ्याचं नाव मारवाडी."

"मग काका..."

"काका औट म्हणतात. मेले तरी ऊंठा म्हणणार नाहीत." त्यांनी चहा खाली ठेवला. "तू काय करून राहिलीस, तर एकच मूळपुरुष शोधतेस. मराठी का मारवाडी? वंशावळ अशी सरळ नसते, स्वप्नाली. दोन घरचं रक्त आहे यात. मारवाड्याच्या दुकानात ऐकलेला पाढा, आणि मराठी शाळेत शिकलेले आकडे."

"म्हणजे महाराष्ट्रातला मारवाडी व्यापारी?"

"व्यापारी नाही. त्याच्या पोराला मुनीम पेढीवर बसवून शिकवायचा, सगळं आपल्याच बोलीत. पोरीला कोण शिकवतंय? ती गेली गावातल्या मराठी शाळेत. घरी आल्यावर ओट्यावर बसून भावाचं घोकणं ऐकलं, आणि आपल्या आकड्यांत बसवलं. बाई आहे ती. महाराष्ट्रात वाढलेली, इथे दिलेली."

"जालना," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"संतोषनं काय दुरुस्त केलं?" ताईंनी विचारलं.

"काहीच नाही. 'हाँ जी' म्हणाली."

"कारण तिला ते चुकीचं वाटलंच नाही. रोज कानावर पडतंय."

मी फोन काढला. कॅमेरा लावला. दुपारची झोपेची वेळ. अंधारी खोली, पडदे ओढलेले, ओळीने रजया. हेच मी रोज पाहत असते, मग जिवाला जरा थंडावा मिळतो.

ताई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. "कोणी कूस बदलताना पाहिलंयस कधी?"

मी आठवू लागले. रोज दुपार. रोज हीच चित्रं. एकदाही एखादा पाय रजईबाहेर आला नव्हता. चार वर्षांची मुलं, आणि कोणी रजई लाथाडत नाही? आणि दुपारभर झोपलेली माझी मुलगी रात्री ताटावर पेंगते?

रजयांखाली कोणी नव्हतं.

"मग मुलं कुठे असतात?" ताई म्हणाल्या.

खिशातली ज्वारी. कबुतरांची ज्वारी. हिवाळ्याच्या दिवसांत जयपूरच्या म्हाताऱ्या उन्हाला कुठे बसतात, कबुतरांना कुठे दाणे टाकतात, पतंग कुठून कटतात...

"गच्चीवर," मी म्हणाले आणि पळत सुटले.

६

ताई माझ्यामागोमाग रिक्षात चढल्या. वाटेत मी देवाचं नाव घेत होते की रिक्षावाल्यावर ओरडत होते, आठवत नाही. आभाळ पतंगांनी भरलेलं होतं. प्रत्येक गच्चीवर भोंगे, "वो काटा!"

डे-केअरचं दार नुसतं लोटलेलं होतं. खालच्या खोलीत रजयांच्या घड्या उभ्या-आडव्या टाकून वर पांघरुणं घातलेली. स्वयंपाकघरात संतोष डब्यांची झाकणं लावत होती. कीर्ती मॅडमची टिफिन सर्व्हिस आहे, हे मला तेव्हा कळलं.

"मैडम, आप ऊपर नहीं..."

मी तिला ढकलून जिन्याकडे धावले. वरचा मजला ओलांडला. त्यावरचा जिना अरुंद, त्याच्या टोकाला पत्र्याचं दार. दाराला बाहेरून कडी.

पलीकडून एक घोगरा, म्हातारा आवाज येत होता. "बे ऊंठे?"

"सात!" एक मुलगा ओरडला.

"तीन ऊंठे?"

"साडेदहा!"

"चार ऊंठे?"

कोणी बोललं नाही.

"चार ऊंठे?" आवाज चढला. "ए चार ऊंठेवाली! बोल ना बाई! कुठे गेलीस?"

चौदा. माझी मुलगी चौदा म्हणते.

कडी गंजलेली होती. माझ्या बोटांना ती सरकेना. मागून ताईंनी हात घातला, दोघींनी मिळून ओढली आणि दार आपटत उघडलं.

उन्हाने डोळे दिपले. मधोमध एक खाट. तिच्या पायाला एका लाल ओढणीचं टोक बांधलेलं, ओढणीला धरून मुलं बसलेली. एक म्हातारी बाई हात पुढे करून, चाचपडत, गुडघ्यांवर कठड्याच्या दिशेने सरकत होती. तिचे डोळे दुधाळ होते. आणि कठड्यापाशी, पालथ्या कुंडीवर उभी राहून, वल्लरी लोंबणाऱ्या कटलेल्या पतंगाकडे हात लांब करत होती. कठडा तिच्या पोटापर्यंत होता.

मी हाक मारली नाही. हाक मारली तर ती वळेल, आणि वळली तर... मी चपला काढल्या. अनवाणी गेले. तिला कमरेशी धरलं आणि खाली बसले.

"आई, माझा पतंग!" ती किंचाळली.

म्हातारीचा हात माझ्या गुडघ्याला लागला. मग वल्लरीच्या केसांना. "हीच. चार ऊंठेवाली. पडली का? लागलं का?"

"नाही, मांजी," मी म्हणाले.

मांजी कीर्ती मॅडमच्या सासूबाई, माहेर जालन्याचं. मोतीबिंदू पिकलेला. दुपारी संतोष डब्यांच्या कामाला, म्हणून मुलं मांजींकडे. कोणी जिन्यावरून पडू नये म्हणून बाहेरून कडी.

"दिसत नाही मला," मांजी सांगत होत्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या मारवाडीत. "तिला सांगितलं, इतकी लेकरं मी कशी सांभाळू? ती म्हणे, बिठाके रखो. मग एकेकाला एकेक ऊंठा दिला. मी विचारते, ते बोलतं. आवाज आला म्हणजे लेकरू आहे. मघाशी एकदा विचारलं होतं, तेव्हा बोलली होती ही."

सुनेत्राताई खाटेवर बसल्या. धान्य तोलायचा पाढा, तो इथे हजेरी झालेला. मला वाटलं त्या काहीतरी मोठं बोलतील. त्या फक्त म्हणाल्या, "आणि पोरीला काय, सांगायचं नाही म्हणून कोणी दटावलं?"

"सुनेनं. मी काय सांगू कोणाला? मी खाली जातच नाही."

कीर्ती मॅडम धापा टाकत वर आल्या तेव्हा मी कठड्याला पाठ लावून बसले होते आणि फोनवरून एकेका आईला बोलावत होते. "स्वप्नालीजी, प्लीज, आज तक कुछ हुआ है क्या? धूप मिलती है बच्चों को! आप मेरा घर बंद करवाओगी?"

"जोवर प्रत्येकाचं कोणी येत नाही तोवर मी इथून उठणार नाही," मी मराठीतच म्हणाले. त्यांना मराठी कळत होतं.

सुनेत्राताई दाराच्या चौकटीत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना विचारल्याशिवाय खाली जायची किंवा वर यायची कोणाची टाप नव्हती.

निनादचा फोन आला. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "आईला सांगतो, शनिवारी परत जाताना..."

"परत जायचं नाही. त्या इथे राहतील, मी रजा टाकते, पुढचं बघू. पण वल्लू कुठेही जाणार नाही. ती कोणाबरोबर असते, ते मला आता ठाऊक आहे."

"हो," तो म्हणाला. "येतो मी."

एकेक आई येत गेली. एक बाबा हेल्मेट घालूनच वर आला. कोणी रडलं, कोणी कीर्ती मॅडमवर ओरडलं, एकीने मांजींच्या पायांना हात लावला, दुसरीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ओढणीवरची मुलं कमी होत गेली. वल्लरी माझ्या मांडीवर झोपून गेली होती. ऊन कलल्यावर कबुतरं उठून गेली.

मांजी ओढणी हाताने चाचपत होत्या.

"अजून कोण राहिलं?"

"कोणी नाही, मांजी. सगळी गेली."

त्यांनी ओढणी सोडून दिली. मग दाराच्या दिशेने तोंड करून, लहान मुलासारखं विचारलं, "कडी उघडी आहे?"

"हो."

"मग मी पण खाली येऊ?"

मी वल्लरीला खांद्यावर घेतलं आणि दुसरा हात त्यांच्यापुढे केला. त्यांना तो दिसला नाही. मी तो त्यांच्या हातात दिला.